अहमदनगर जिल्ह्यातील मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या : नेतृत्व, स्वावलंबन आणि बदलता काळ
(कोल्हार–राहुरी–श्रीरामपूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. परदेशी मिशनच्या आधारावर उभ्या राहिलेल्या या मंडळ्यांचे नेतृत्व स्थानिक व्यक्तींकडे कसे आले, ते कोणत्या क्रमाने आले आणि त्या क्रमाचा मंडळीच्या दैनंदिन जीवनावर कोणता परिणाम झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नेतृत्व म्हणजे केवळ पाळकपद नव्हे. पद, पैसा आणि मालमत्ता या तिन्हींवरील अधिकार म्हणजे नेतृत्व, असा अर्थ येथे गृहीत धरला आहे. भारतातील लुथरन मंडळ्यांच्या अनुभवाशी तुलना करून अहमदनगरच्या अनुभवाचे वेगळेपण स्पष्ट करण्याचा प्रयत्नही केला आहे.

बीजसंज्ञा : मंडळी, पाळक, स्वावलंबन, अमेरिकन मराठी मिशन, लुथरन मंडळ्या, उत्तर भारतीय चर्च, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था.

१. प्रस्तावना :

प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसलेले कोल्हार हे गाव भगवतीमातेच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. त्याच्या दक्षिणेस राहुरी, पूर्वेस बेलापूर व श्रीरामपूर, तर पश्चिमेस सहकारी साखर कारखान्यामुळे देशभर नाव झालेले लोणी आहे. ऊस, कालवा आणि सहकार या तीन शब्दांत या परिसराची ओळख सांगण्याची प्रथा आहे. मात्र या ओळखीच्या आत आणखी एक जुना प्रवाह आहे, तो ख्रिस्ती मंडळ्यांचा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ख्रिस्ती समाजाची वस्ती ज्या थोड्या पट्ट्यांत दाट आहे, त्यांत राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, राहाता व संगमनेर या तालुक्यांचा समावेश होतो.

या समाजाविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने दोन विषयांभोवती फिरते : धर्मांतराची कारणे आणि मिशनरींचे शैक्षणिक कार्य. धर्मांतरानंतर निर्माण झालेली मंडळी ही संस्था कशी चालली, तिचा कारभार कोणी केला, तिच्या पाळकाचे वेतन कोणी दिले, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक हे प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजापुरते मर्यादित नाहीत. बाहेरच्या पैशावर आणि बाहेरच्या प्रेरणेवर सुरू झालेली संस्था स्थानिक लोकांची केव्हा होते, हा प्रश्न शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि स्वयंसेवी संस्था यांनाही तितकाच लागू आहे. या दृष्टीने अहमदनगरच्या मंडळ्यांचा अनुभव अभ्यासनीय ठरतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अमेरिकन बोर्ड या बॉस्टन येथील संस्थेचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यातूनच पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ओळखले गेलेले कार्य उभे राहिले. १८३१ च्या अखेरीस मिशनने अहमदनगर येथे आपले केंद्र उघडले आणि १८३३ मध्ये तेथे पहिली मंडळी रीतसर स्थापन झाली. १८४२ मध्ये याच शहरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. सिंथिया फॅरार १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाच्या संदर्भात त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात घेतले जाते.

नेतृत्वाच्या प्रश्नाचा विचार करताना या मिशनची मंडळी-रचना समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुख्यतः कॉन्ग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र व स्वयंशासित मानली जाते; ती आपला पाळक स्वतः निवडते, त्याचे वेतन स्वतः देते आणि आपला कारभार सभासदांच्या सभेत ठरवते. सिद्धान्ताच्या पातळीवर ही अत्यंत लोकशाहीवादी रचना आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : मंडळीचे सभासद पाळकाचे वेतन देऊ शकतात. अमेरिकेतील स्वतःच्या मालकीच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावात हे गृहीत खरे होते. अहमदनगर जिल्ह्यातील बलुत्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ते खरे नव्हते. परिणामी कागदावर स्वयंशासित असलेली मंडळी व्यवहारात मिशनच्या तिजोरीवर अवलंबून राहिली. या विसंगतीतूनच नेतृत्वाचा पुढील सर्व इतिहास घडला.

३. पदाचे हस्तांतर : १८५४ आणि त्यानंतर

पाळकपद स्थानिक व्यक्तींकडे येण्याची घटना अहमदनगरला अपेक्षेपेक्षा लवकर घडली. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली आणि अहमदनगरच्या मंडळ्या त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. त्याच सुमारास, १८५४–५५ मध्ये, अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे शिष्टमंडळ भारतात आले होते. इंग्लंडमधील हेन्री व्हेन आणि अमेरिकेतील अँडरसन यांची नावे मिशन-इतिहासात एका विचाराशी कायमची जोडली गेली आहेत. मंडळी स्वयंशासित, स्वावलंबी आणि स्वयंप्रसारक असली पाहिजे, हा तो विचार होय. मिशनने आपले काम संपवून पुढे निघून जावे आणि मंडळी स्थानिकांच्या हाती राहावी, अशी अँडरसन यांची भूमिका होती. त्यासाठी गावोगावी लहान मंडळ्या स्थापाव्यात आणि त्यांना देशी पाळक नेमावेत, असा त्यांचा आग्रह होता.

या धोरणाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. शिक्षण हे मंडळीच्या वाढीचे साधन आहे, ते स्वतंत्र उद्दिष्ट नाही, असे अँडरसन यांचे मत असल्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळांवरील खर्चाला त्यांचा विरोध होता. देशी भाषेतील शिक्षणावर भर दिल्याने मराठी गद्य, मराठी गीते व मराठी धर्मसाहित्य यांना लाभ झाला. परंतु नव्या ख्रिस्ती तरुणांना शासकीय नोकरी व व्यवसाय यांची वाट मोकळी करून देणारे इंग्रजी शिक्षण काही काळ आकुंचित झाले. ज्या वर्गातून मंडळीला स्वावलंबी करू शकणारे मिळवते सभासद निर्माण व्हायचे, त्याच वर्गाची वाढ यामुळे मंदावली. स्वावलंबनाच्या धोरणाने स्वावलंबनाचे एक साधन अशा रीतीने दुबळे केले.

खिस्ती आणि मोडक हे दोघेही ब्राह्मण समाजातून आलेले, मराठी विद्येची परंपरा असलेले पाळक होते. १८५५ नंतर मात्र मंडळीची वाढ शहराऐवजी खेड्यांत, विशेषतः गोदावरी–प्रवरेच्या पट्ट्यातील महार वस्त्यांत होऊ लागली; मांग समाजातील कुटुंबेही मंडळीत आली. त्यामुळे नेतृत्वाचा सामाजिक पाया बदलणे अपरिहार्य होते. १८७८ मध्ये रॉबर्ट अॅलन ह्यूम यांनी अहमदनगर येथे धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली आणि खेड्यातील तरुणांना शिक्षक, उपदेशक व पाळक म्हणून घडविण्याची नियमित सोय झाली. ज्या समाजाला मंदिराच्या आत प्रवेश नव्हता, त्या समाजातील तरुण धर्मग्रंथ वाचून दाखविणारा आणि संस्कार करणारा अधिकारी झाला. हा बदल संख्येने लहान असला तरी त्याचे सामाजिक मोल मोठे होते.

४. गावची मंडळी आणि तिचे खरे कार्यकर्ते

पाळक हा मंडळीचा अधिकृत प्रमुख असला तरी खेड्यातील मंडळीचे जीवन प्रत्यक्षात दोन व्यक्तींवर अवलंबून होते : मास्तर आणि बायबल स्त्री. एका पाळकाकडे अनेक गावे असत. तो गावात महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येई. उरलेल्या दिवसांत मिशन शाळेचा मास्तर हाच उपासना चालवी, प्रार्थना घेई, आजाऱ्यांची विचारपूस करी. गावकामगारांकडे अर्ज लिहिणे, आलेले पत्र वाचून दाखविणे, सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी तो कागद समजावून सांगणे ही कामेही त्याच्याकडे येत. बायबल स्त्रिया घरोघरी जाऊन स्त्रियांना शास्त्रपाठ सांगत व अक्षरओळख करून देत. मंडळीच्या दप्तरात या दोघांचे स्थान दुय्यम होते. लोकांच्या मनात ते तसे नव्हते.

उपासनेचे स्वरूपही हळूहळू मराठी होत गेले. परदेशी चालींवरील गीतांसोबत अभंग, ओवी, पदे आणि कीर्तन यांचा स्वीकार झाला. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला व पदरचनेला अहमदनगरच्या परिसरात स्थिर रूप दिले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिला काव्याची उंची दिली. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात आजही या दोन्ही प्रवाहांची गीते एकत्र आढळतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कीर्तनाला इमारत लागत नाही, बाके लागत नाहीत, पेटी-ऑर्गन लागत नाही. टाळ, मृदंग आणि झाडाखालची जागा पुरते. म्हणजे कीर्तन हे केवळ सांस्कृतिक रूपांतर नव्हते, तर मंडळीला परवडणारी उपासना-पद्धती होती. स्वावलंबनाचा जो भाग मिशनच्या ठरावांनी साधला नाही, तो अंशतः कीर्तनाने साधला.

५. पैशाचा प्रश्न

मंडळ्यांनी आपल्या पाळकाचे वेतन स्वतः द्यावे, यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातत्याने प्रयत्न झाले. दशांश देण्याची शिकवण, घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढण्याची पद्धत आणि कापणीचा सण ही त्याची प्रमुख साधने होती. कापणीच्या सणाला कुटुंबे ज्वारी-बाजरी, कडधान्ये, भाजीपाला, अंडी, कोंबडी जे असेल ते अर्पण म्हणून आणत. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होई आणि आलेली रक्कम मंडळीच्या निधीत जमा होई. अनेकदा गरीब कुटुंबाने आणलेली कोंबडी सुस्थितीतील सभासद वाढीव बोली देऊन घेत असे. अशा रीतीने प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे देण्याची, आणि कोणाचेही दान लहान न ठरू देण्याची सोय या प्रथेत होती. ती आजही अनेक मंडळ्यांत टिकून आहे.

तथापि या प्रयत्नांना दोन मर्यादा होत्या. पहिली मर्यादा वतनाची. महार कुटुंबाचे उत्पन्न गावकीच्या कामाबद्दल मिळणाऱ्या बलुत्यावर आणि वतनाच्या तुकड्यावर अवलंबून होते. धर्मांतरानंतर गावकीचे कोणते काम करावे आणि कोणते नाकारावे, यावरून वाद होत. काम नाकारल्यास बलुते थांबे. ज्या कुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न असे दुसऱ्याच्या मर्जीवर होते, त्याच्याकडून पाळकाच्या नियमित वेतनाची अपेक्षा करणे कठीण होते.

दुसरी मर्यादा दुष्काळांची. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी जिल्हा होरपळला. मिशनने मदतकार्य उघडले, हजारो अनाथ मुलांना आश्रय दिला. दुष्काळानंतर मंडळ्यांची सभासदसंख्या वाढली. मदतकार्याचे मानवी मूल्य निर्विवाद आहे. परंतु मंडळीच्या रचनेवर त्याचा परिणाम उलटा झाला. परदेशातून येणारा निधी वाढला, त्या निधीवर शाळा, वसतिगृहे व उद्योगशाळा वाढल्या, आणि त्यांत काम करणारे पगारी सेवकही वाढले. मंडळीतील शिकलेला तरुण मिशनचा नोकर झाला. मंडळीच्या सभेत तो सभासद म्हणून बसे, पण ज्याच्याकडून वेतन घेतो त्या मिशनरीच्या मताविरुद्ध बोलणे त्याला अवघड जाई. पद स्थानिक व्यक्तीकडे आणि पैसा परक्या हाती, अशी ही स्थिती होती.

या स्थितीवरील सर्वांत परखड प्रतिक्रिया टिळकांच्या चरित्रात दिसते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अहमदनगर व राहुरी येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार पुढे गेला नाही. तरीही पगाराच्या बंधनाबाहेर उभे राहिल्याशिवाय मराठी ख्रिस्ती नेतृत्वाला स्वतःचा आवाज सापडणार नाही, हे त्याने दाखवून दिले. या निर्णयांचा प्रपंचावर होणारा परिणाम काय असतो, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून कळते. स्वावलंबनाची किंमत पाळकाचे घर आधी मोजते, ही बाब मंडळीच्या प्रशासकीय इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

६. लुथरन मंडळ्यांशी तुलना

अहमदनगर जिल्ह्यात लुथरन मिशनचे कार्य झाले नाही. मिशन संस्थांनी आपसांत क्षेत्रे वाटून घेण्याची पद्धत पाळल्याने भारतातील लुथरन मंडळ्या तमिळनाडू, आंध्र, छोटानागपूर, मध्य प्रदेश अशा प्रदेशांत वाढल्या. महाराष्ट्राच्या सर्वांत जवळची मोठी लुथरन मंडळी म्हणजे स्वीडिश मिशनच्या कार्यातून निर्माण झालेली व छिंदवाड्यास मुख्यालय असलेली मध्य प्रदेशातील मंडळी. ती १९४९ मध्ये स्वायत्त झाली. मुंबई-पुण्यात ज्या लुथरन उपासना होतात, त्या मुख्यतः कामानिमित्त स्थलांतरित झालेल्या अन्य भाषक कुटुंबांच्या आहेत. असे असले तरी नेतृत्वाच्या प्रश्नावर लुथरन अनुभव उद्बोधक आहे.

रांची येथे १८४५ मध्ये आलेल्या गोस्नर मिशनचे मिशनरी जर्मन होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटिश सरकारने त्यांना नजरकैदेत टाकून नंतर मायदेशी पाठविले. मंडळी एकाएकी पोरकी झाली. काही काळ अँग्लिकन बिशपांनी तिची देखभाल केली. परंतु अँग्लिकन चर्चमध्ये विलीन होण्याऐवजी १० जुलै १९१९ रोजी छोटानागपूरच्या लुथरन आदिवासी मंडळीने स्वतःला स्वायत्त घोषित केले. पद, पैसा आणि मालमत्ता या तिन्हींची जबाबदारी तिच्यावर जवळजवळ एकदमच येऊन पडली. याउलट तमिळ प्रदेशात १७०६ पासूनची परंपरा असलेली लुथरन मंडळी १९१९ मध्येच स्वतंत्र संस्था म्हणून संघटित झाली, पण तिचे पहिले भारतीय बिशप राजा मणिकम यांची नेमणूक १९५६ मध्ये झाली. म्हणजे तेथे संस्था आधी आली आणि सर्वोच्च पद नंतर.

अहमदनगरचा क्रम या दोहोंहून वेगळा आहे. अमेरिका ब्रिटनच्या शत्रुपक्षात नसल्याने अमेरिकन मिशनरींवर देश सोडण्याची वेळ आली नाही. रांचीसारखा धक्का बसला नाही, म्हणून हस्तांतर सावकाश, समित्यांच्या मार्गाने झाले. पाळकपद १८५४ मध्ये मिळाले, पैशाचा अधिकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्याने आला आणि मालमत्तेचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही रेंगाळला. सावकाश झालेल्या हस्तांतराने संस्था टिकल्या; मात्र शेवटची जबाबदारी आपली आहे ही जाणीवही तितक्याच सावकाश आली.

७. एकीकरण आणि अधिकाराचे नवे केंद्र

१९२४ मध्ये कॉन्ग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्यांचे ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन झाले. जिल्ह्यात समांतरपणे काम करणाऱ्या अँग्लिकन मंडळ्यांसाठी १९२९ मध्ये नाशिक धर्मप्रांत निर्माण झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजेच उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले. लुथरन मंडळ्या या एकीकरणात सामील झाल्या नाहीत. त्यांनी आपला १९२६ पासूनचा संघ १९७५ मध्ये ‘युनायटेड इव्हॅन्जेलिकल लुथरन चर्च’ या नावाने पुनर्रचित केला.

अहमदनगरच्या दृष्टीने १९७० च्या एकीकरणाचे दोन परिणाम झाले. शेजारशेजारच्या वस्त्यांत ‘अमेरिकन’ व ‘इंग्लिश’ म्हणून वेगळ्या राहिलेल्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. धर्मप्रांताच्या सामाईक निधीमुळे ज्या लहान मंडळीला स्वबळावर पाळक ठेवणे अशक्य होते, तिलाही पाळक मिळू लागला. दुसऱ्या बाजूने बिशप नसलेली परंपरा बिशपप्रधान रचनेत आली. पाळकाची नेमणूक व बदली धर्मप्रांत करू लागला. पाळकसमिती व वडील यांचे स्थान कायम राहिले. पण पाळक आपण निवडतो, ही कॉन्ग्रिगेशनल मंडळीची मूळ भावना क्षीण झाली. पूर्वी निर्णयाचे केंद्र मिशन बंगला होता, आता ते धर्मप्रांताचे कार्यालय झाले. हे केंद्र देशी आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींचे होते, ही निश्चितच प्रगती होय; मात्र खेड्यातील सभासदाच्या दृष्टीने ते गावाबाहेरच राहिले.

८. मालमत्ता : अखेरचा आणि अवघड टप्पा

मिशनने उभ्या केलेल्या शाळा, बंगले, रुग्णालये, जमिनी आणि चर्चच्या इमारती कोणाच्या, हा प्रश्न सर्वांत शेवटी पुढे आला. याचे उत्तर सर्वत्र एकसारखे मिळाले नाही. डॉ. ज्युलिया बिसेल यांनी १९०४ मध्ये अहमदनगरला सुरू केलेले रुग्णालय १९३९ मध्ये साल्व्हेशन आर्मीकडे गेले. म्हणजे एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे. याउलट डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय हे मराठी ख्रिस्ती नेतृत्वाने स्वतः उभारलेल्या आणि सर्व समाजांसाठी खुल्या असलेल्या संस्थेचे उदाहरण होय. वारशाने आलेली संस्था सांभाळणे आणि नवी संस्था निर्माण करणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धार्मिक संस्थांच्या मालमत्तेला कायद्याची निश्चित चौकट दिली. विश्वस्त संस्थेची नोंदणी, हिशेबांची तपासणी, विश्वस्तांतील बदलाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद या गोष्टी अनिवार्य झाल्या. चर्चच्या सभेत झालेला ठराव धार्मिक दृष्ट्या कितीही पवित्र असला तरी मालमत्तेच्या बाबतीत तो पुरेसा नसतो, हे २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अधोरेखित केले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा तो वाद होता. केवळ एकीकरणाच्या ठरावाने जुनी नोंदणीकृत विश्वस्त संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातील प्रक्रिया पूर्ण करावी लागते, असे न्यायालयाने मानले. वाद गुजरातचा असला तरी कायदा मूळच्या मुंबई राज्याचा असल्याने महाराष्ट्रातील मंडळ्यांनाही त्याचा अर्थ समजून घेणे भाग आहे.

याचा मंडळीच्या जीवनाशी संबंध असा की, मालमत्तेचा वाद सुरू झाला म्हणजे नेतृत्वाचा वेळ आणि मंडळीचे अर्पण न्यायालयात खर्ची पडते. पाळकाच्या प्रशिक्षणात शास्त्र, उपदेश आणि उपासना यांना जितके स्थान आहे, तितके हिशेब व विश्वस्त-कायदा यांना क्वचितच मिळाले. पद सांभाळण्याची तयारी दीडशे वर्षे झाली. मालमत्ता सांभाळण्याची तयारी मात्र मालमत्ता हाती आल्यावर सुरू झाली. हस्तांतराच्या क्रमाचा हा थेट परिणाम म्हणावा लागेल.

९. स्वातंत्र्योत्तर बदल आणि मंडळीचे आजचे जीवन

स्वातंत्र्यानंतर मंडळीच्या सभोवतालचे जग वेगाने बदलले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या व्यक्तीस अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर ज्या समाजातून मंडळीची वाढ झाली, त्याच समाजात आत्मसन्मानाची एक समर्थ नवी वाट निर्माण झाली. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, ख्रिस्ती दलितांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. एकाच भावकीतील बौद्ध व ख्रिस्ती कुटुंबांना शिक्षण आणि नोकरीत भिन्न सवलती लागू होतात. त्याचा ताण मंडळीच्या सभासद-नोंदवहीपासून विवाहसंबंधांपर्यंत सर्वत्र जाणवतो.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि गावकीचे जुने बंधन कायद्याने संपले. त्याआधीच, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी आणि १९५० मध्ये स्थापन झालेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याने या परिसराची अर्थव्यवस्था बदलली होती. उसाच्या व कारखान्याच्या मजुरीने रोख उत्पन्न आले. शिक्षकी पेशा, परिचारिकांचा व्यवसाय आणि शासकीय नोकरी यांतून मध्यमवर्ग निर्माण झाला. मंडळीच्या निधीत धान्याऐवजी रोख रक्कम अधिक येऊ लागली. मात्र हा नोकरदार वर्ग पुणे, मुंबई, नाशिक येथे स्थलांतरित झाला. गावच्या मंडळीने घडविलेला सभासद शहरातील मंडळीचा वडील झाला आणि गावात वृद्ध, शेतमजूर व लहान मुले उरली. कापणीच्या सणाला गावी येणारी शहरी कुटुंबे आजही उदार हाताने अर्पण देतात. परंतु वर्षाच्या उरलेल्या रविवारी उपासना चालविण्याचे काम त्या अर्पणाने होत नाही.

याखेरीज दोन बदल उल्लेखनीय आहेत. पहिला, स्वतंत्र पेंटेकॉस्टल पद्धतीच्या प्रार्थनासभांचा प्रसार. नेमणूक, बदली आणि वेतनश्रेणी यांच्या चौकटीबाहेर असलेला हा पास्टर स्थानिक असतो व घरोघरी जातो. एकेकाळी मिशन शाळेच्या मास्तराने जे केले, तेच तो करतो, असे म्हणता येईल. जुन्या मंडळ्यांनी या सभांकडे केवळ स्पर्धा म्हणून न पाहता आपण सोडून दिलेल्या कामाची आठवण म्हणून पाहणे उचित ठरेल. दुसरा बदल स्त्रियांच्या सहभागाचा. बायबल स्त्रीपासून महिला-मंडळांपर्यंत मंडळीचे नित्य काम स्त्रियांनी केले. उत्तर भारतीय चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळू शकते, आणि दक्षिण भारतीय चर्चमध्ये २०१३ मध्ये ई. पुष्पललिता या स्त्री-बिशप झाल्या. तरीही पाळकसमिती आणि विशेषतः विश्वस्त मंडळे यांत स्त्रियांचे प्रमाण त्यांच्या कामाच्या तुलनेत अल्प आहे. पद, पैसा, मालमत्ता हाच क्रम येथेही नव्याने सुरू झालेला दिसतो.

१०. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत नेतृत्वाचे हस्तांतर पद, पैसा व मालमत्ता या क्रमाने आणि दीर्घ अंतराने झाले. पद मिळाल्याने नेतृत्व मिळाले, असा समज त्यामुळे बराच काळ टिकून राहिला.

२. स्वावलंबन साध्य न होण्याचे कारण सभासदांची अनास्था हे नव्हते. वतन-बलुत्याची अर्थव्यवस्था आणि दुष्काळांनंतर वाढलेला परदेशी निधी ही त्याची प्रमुख कारणे होती.

३. रांचीच्या लुथरन मंडळीवर युद्धामुळे जबाबदारी एकदम पडली, अहमदनगरला ती सावकाश आली. पहिल्या मार्गात संस्थांची हानी होण्याचा धोका अधिक, तर दुसऱ्या मार्गात परावलंबनाची सवय लागण्याचा धोका अधिक असतो.

४. मंडळीचे जीवन टिकविण्यात मास्तर, बायबल स्त्री, कीर्तनकार व सामान्य सभासद यांचा वाटा अधिकृत नेतृत्वाइतकाच मोठा आहे. त्यांच्या कार्याची साधने, म्हणजे मंडळीची दप्तरे, कीर्तनांच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, आज जीर्ण अवस्थेत आहेत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी त्यांच्या जतनाचे काम हाती घेतल्यास जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग वाचू शकेल.

५. पुढील काळात पाळक व वडील यांच्या प्रशिक्षणात हिशेब, विश्वस्त-कायदा आणि सामूहिक निर्णयपद्धती यांचा समावेश होणे, तसेच विश्वस्त मंडळांत स्त्रिया व तरुण यांना स्थान मिळणे आवश्यक आहे. १८५४ मध्ये पाळकपदाने जे सुरू झाले, ते सामान्य सभासदाला मंडळीच्या जमाखर्चाचा आणि मालमत्तेचा कागद वाचता-विचारता येईल, तेव्हाच पूर्ण होईल.